मधली नळी

"दरी परत आली का?"

चौसाळकर सर प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारायचे. सकाळी आल्या आल्या एकदा, जेवून आल्यावर एकदा, आणि घरी जाताना तर हमखास. जगात लोक एकमेकांना चहा झाला का म्हणून विचारतात, आमच्याकडे दरीची चौकशी व्हायची.

"नाही सर," मी म्हटलं.

"येईल. जायचीय कुठं? जुन्या पद्धतीनं कर, म्हणजे येईल."

"जुन्या पद्धतीनं केलं की येतेच सर. तेच तर सांगायचंय तुम्हाला."

सर आत येता येता थबकले. मी मनात म्हटलं, उज्ज्वला खंदारे, आज बोललीस तर बोललीस, नाहीतर याच स्टुलावर म्हातारी होशील.

आता दरी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं आम्ही गिर्यारोहण करत होतो. कॅल्शियम नायट्रेट नावाचं एक मीठ असतं. त्याच्या खड्यातच पाणी दडलेलं असतं. थोडं तापवलं की ते स्वतःच्याच पाण्यात वितळतं आणि साखरेच्या पाकासारखं होतं. या पाकात सोडियमचं मीठ घालायचं, किंवा पोटॅशियमचं, आणि त्यातून वीज किती सहज वाहते ते मोजायचं. नुसतं सोडियम घातलं तर बरी वाहते. नुसतं पोटॅशियम घातलं तरी बरी वाहते. मग दोन्ही निम्मं निम्मं घातलं तर काय व्हावं? तुम्ही म्हणाल, दोन्हीच्या मधलं काहीतरी. सरांचं म्हणणं, मुळीच नाही. मधे ती धाडकन खाली येते. आलेख काढला तर दोन्ही कडा उंच आणि मधोमध खोल दरी.

वर्गात सर हे फार छान समजावायचे. "हॉलमध्ये काही खुर्च्या लहान, काही मोठ्या. बारीक माणूस उठला की त्या खुर्चीत दुसरा बारीकच बसू शकतो. जाडा उठला तर तिथं जाडाच. एकाच मापाची माणसं असली की सरासर पुढे सरकतात. दोन मापांची मिसळली की एकमेकांनी सोडलेल्या जागा एकमेकांच्या उपयोगाच्या नाहीत. सगळेच अडकले!" मग स्वतःच हसायचे. काचेत असं होतं हे जगाला ठाऊक होतं. पाणी दडलेल्या मिठांच्या पाकातही होतं, आणि चांगलं सणसणीत होतं, हे सरांनी दाखवलं होतं. म्हणजे सरांच्या हाताखाली नलूताईंनी दाखवलं होतं.

नलूताई म्हणजे नलिनी बिडवे, सरांची पहिली विद्यार्थिनी. त्या दरीवर त्यांना डॉक्टरेट मिळाली, दरीवर सरांना परिषदांची बोलावणी आली, आणि ताई आमच्याच विभागात लेक्चरर झाल्या. माझी फेलोशिप संपली आणि हॉस्टेलनं मला बाहेर काढलं, तेव्हा ताईंनी मला आपल्या घरी नेलं. "माझे यजमान बदलीवर लातूरला. दोन खोल्यांत मी एकटी भुतासारखी. तू ये." इतकं साधं. म्हणजे बघा, दिवसभर सरांच्या प्रयोगशाळेत आणि रात्री ताईंच्या घरात. आणि त्या दरीतच काहीतरी गडबड आहे हे मला कळलेलं.

कळलं कसं? एक नळी फुटली म्हणून.

आमच्याकडे मीठ जपून वापरायची शिस्त होती. शुद्ध मिठाची बाटली बाहेरून यायची, ती येईतो सहा महिने बोंबलत बसावं लागायचं. म्हणून सरांनी एक रीत घालून दिली होती. प्रत्येक मिश्रणाला नवी नळी नाही. एका नळीत सोडियमचा पाक घ्यायचा, वीज मोजायची. मग त्याच नळीत थोडं पोटॅशियम, ढवळायचं, मोजायचं. आणखी थोडं, ढवळायचं, मोजायचं. असं निम्म्यापर्यंत. मग दुसऱ्या टोकाकडून तसंच, पोटॅशियमच्या पाकात सोडियम घालत घालत निम्म्यापर्यंत. मीठ वाचायचं. आलेखही सुबक यायचा, दोन्हीकडून उतरत उतरत मधोमध भेटणारा.

एकदा निम्म्यापर्यंत पोचता पोचता माझी नळी तडकली. आता परत पहिल्यापासून कोण करत बसणार? मी नव्या नळीत एकदम निम्मं-निम्मं मिश्रण केलं, बूच घट्ट लावलं आणि मोजलं. दरी नव्हतीच. जवळजवळ सरळ रेष. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दहा वेळा केलं. प्रत्येक मिश्रणाला वेगळी नळी, वेगळं बूच. प्रत्येक वेळी सरळ रेष.

मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या रीतीत मधल्या मिश्रणापर्यंत यायला दिवस जायचा. तोवर नळी गरम तेलात, आणि मीठ घालायला, ढवळायला तोंड सारखं उघडं. पाणी उडून चाललेलं. मधली नळी सगळ्यांत जास्त वेळ आगीवर, म्हणून तिच्यात सगळ्यांत कमी पाणी, पाक सगळ्यांत दाट, आणि वीज सगळ्यांत मंद. वजन करून बघितलं, पाणी खरंच गेलेलं. दरी सोडियम-पोटॅशियमच्या भांडणाची नव्हती. आमच्या काटकसरीची होती.

हे सगळं त्या दिवशी मी सरांना सांगितलं. सर स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं.

"वजनं दाखव," म्हणाले.

दाखवली. सरांनी बघितली आणि दार लोटून घेतलं.

"उज्ज्वला, माझं काही नाही गं. माझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. माझं नाव गेलं तर गेलं, मी काय कुणी मोठा लागून गेलोय? पण नलिनीचा विचार कर. तिची रीडरची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. तिच्या प्रबंधात या दरीशिवाय आहे काय? पोरीच्या अन्नात माती कालवायची?"

"मग मी काय करू सर?"

"जुन्या पद्धतीनं कर. तुझा सिनॉप्सिस आणून दे. मी सही करतो."

"पण ते खोटं आहे."

"मी कुठं खरं म्हणतोय?" सर अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले. "मी एवढंच म्हणतोय, तिला धक्का लागू नये."

संध्याकाळी घरी ताई गवार मोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, दोन-चार शेंगा मोडल्या, आणि सरळ सांगून टाकलं. मनात म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. फार तर घरातून हाकलतील.

ताईंचा हात थांबला नाही.

"मला माहितेय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते पाण्याचं. मला माहितेय. पदवी मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी मुलांच्या प्रॅक्टिकलला मी वेगवेगळ्या नळ्या केल्या होत्या. तेव्हाच कळलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मग काय करू?" पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. "माझं काय गं, मी कुठल्याही कॉलेजात पोरांना शिकवून खाईन. पण सरांचं काय? त्यांना परिषदांना बोलावतात ते याच्यासाठी. माझे वडील गेले, तेव्हा लग्नात सर माझ्या पाठीशी बापासारखे उभे राहिले. त्यांना जाऊन सांगू, की सर, तुमचं सगळं वाफ होऊन गेलं?"

"सरांना माहितेय ताई."

"नाही. त्यांना माहीत नाही. माहीत असतं तर ते असे परिषदांना जाऊन बोललेच नसते," ताई ठामपणे म्हणाल्या आणि गवारीचं ताट उचलून आत गेल्या.

मी तिथंच बसून राहिले. संतापानं नुसता जीव कासावीस झाला. सर एकटे असते तर त्यांनी मला जा म्हटलं असतं. ताई एकट्या असत्या तर त्यांनीही जा म्हटलं असतं. दोघं मिळून, एकमेकांना जपता जपता, त्यांनी मला असं कोंडून घातलं होतं की हलता येईना. बरं, दोघंही इतके भले, की शिव्या तरी कुणाला द्यायच्या? नोकरीचं पत्र एका कॉलेजातून येऊन पडलं होतं, प्रबंध दाखल झाल्याशिवाय ते मला घेणार नव्हते. सही सरांच्या हातात. सरांचं मन ताईंपाशी अडकलेलं. ताईंचं सरांपाशी. आणि मी मधल्या नळीसारखी आगीवर. रोज थोडी थोडी आटत होते, खोटं नाही सांगत. आरशात बघावंसं वाटायचं नाही.

आठवडाभर मी मूग गिळून बसले. मग म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. रविवारी सकाळी दहाला दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. दुसरं कोण येणार ते कुणालाच सांगितलं नाही.

सर आले. पाठोपाठ ताई आल्या. दोघं एकमेकांना बघून असे गोरेमोरे झाले, की मला त्याही अवस्थेत हसू आलं.

"बसा," मी म्हटलं. गाईडला आणि लेक्चररला स्टुलावर बसा म्हणणारी मी कोण! पण बसले बिचारे.

नळ्या मी आदल्या दिवशीच तयार करून ठेवल्या होत्या. प्रत्येक मिश्रण वेगळं, प्रत्येकावर बूच. एकेक नळी तेलात सोडायची आणि वीज मोजायच्या यंत्रावरचा, म्हणजे ब्रिजवरचा, हिरवा डोळा मिटेपर्यंत बटण फिरवायचं, की आकडा मिळाला. मी आकडे मोठ्यानं म्हणत गेले आणि फळ्यावर ठिपके देत गेले. शेवटचा ठिपका दिला. सरळ रेष.

बाहेर माळ्याची कात्री चाललेली ऐकू येत होती.

"नलिनी," सर हळूच म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"तुम्हाला सर?"

सरांनी मान खाली घातली. ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कोंडी फुटेल. आता दोघं एकमेकांशी नीट बोलतील आणि मी मोकळी होईन. पण कसलं काय! सरांना ती शांतता सोसवेना. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, गप्प बसवलं की हातांना काहीतरी करावंसं वाटतंच.

"थंड कर," ते एकदम म्हणाले. "नळ्यांना बूच आहे. ढवळायची काडी नाही. म्हणजे लगेच गोठणार नाहीत. जेवढ्या थंड होतील तेवढ्या कर. बर्फ आण."

जुन्या रीतीत थंड करताच येत नसे. काडी लागली की पाक लगेच दगडासारखा जमायचा, म्हणून आम्ही कायम गरमच मोजायचो. मी कॅन्टीनमधून बर्फ आणला. बंद नळ्यांतला पाक थंड होत होत मधासारखा झाला, पण गोठला नाही. परत मोजायला लागले. पहिला आकडा, दुसरा, तिसरा. मधल्या नळीपाशी येऊन मी हिरव्या डोळ्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"पडलाय सर."

"किती?"

"थोडासाच. पण पडलाय."

परत केलं. परत पडला. दरी नव्हती, साधा खोलगट बशीएवढा खळगा. पण खरा. थंडीत पाक दाट झाला की जाडे-बारीक एकमेकांच्या वाटेत खरोखरच येत होते. सर जे जन्मभर सांगत होते ते होतं. फार लहान होतं, आणि ते ज्या ठिकाणी शोधत होते तिथं नव्हतं, एवढंच.

सरांनी टाळी वाजवली. वय झालेला माणूस, पण उडी मारायचाच राहिला. "आहे! नलिनी, आहे गं! आपण चुकलो नव्हतो!"

ताईसुद्धा हसल्या. मीही हसले. मला रडू येत होतं आनंदानं.

"बास," सर म्हणाले. "आता काही प्रश्नच नाही. उज्ज्वला, हे थंडीतले आकडे घाल प्रबंधात. गरमचे वगळ. निष्कर्ष तोच, परिणाम आहे म्हणजे आहे. आता जुनं उकरून काढायची गरजच उरली नाही. नलिनीला धक्का नाही, मला नाही, तुलाही नाही. सेमिनार झाला की त्याच दिवशी सही."

मी ताईंकडे बघितलं. त्यांचं हसू मावळलं होतं. पर्स उचलून "मी निघते सर" म्हणत त्या गेल्या. सर इतके खुशीत होते की त्यांना काही दिसलंच नाही.

सांगते काय, ती सुटका नव्हतीच. आधी निदान भिंत दिसत तरी होती. आता तिला छान रंग दिला होता. जुने आकडे खोटेच्या खोटे राहणार, आणि माझे खरे आकडे त्यांच्यावर चादर घालायला वापरणार. घरी ताई चार दिवस कामापुरत्या बोलल्या. मी विचारलं, "ताई, गरमचा आलेख काढून टाकू का?" तर म्हणाल्या, "तुझा प्रबंध आहे. मी कोण सांगणार?"

सेमिनारला बाहेरून डॉ. रेगे आले होते. बारीक चणीचे, मृदू बोलणारे, पण प्रश्न विचारायला लागले की समोरच्याला घाम फुटायचा. सर पहिल्या रांगेत. ताई सगळ्यांत मागे, दाराजवळ. मी थंडीतले आलेख दाखवले. गरमचा एकही नाही. हो, मी काढून टाकला होता. मला बाहेर पडायचं होतं.

बोलणं संपलं. रेग्यांनी खाकरून घसा साफ केला.

"काम उत्तम आहे. एकच शंका. तुमचा खळगा अगदी लहान आहे, तोही थंड असताना. चौसाळकरांच्या जुन्या निबंधात मात्र गरम असतानाच केवढी मोठी दरी आहे. गरम असताना तर परिणाम कमी व्हायला हवा. हे कसं काय?"

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मला तोंड उघडवेना. सांगितलं असतं तर ताई गेल्या, सर गेले. नाही सांगितलं तर मी गेले. सगळा हॉल वाट बघत होता. मी उगाच आलेखावर काठी फिरवली.

"त्याचं कारण..." मी म्हटलं.

"मी सांगते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ताई उभ्या होत्या.

"जुने आकडे चुकीचे आहेत. नळी दिवसभर उघडी राहिली, मधल्या मिश्रणातलं पाणी उडालं. दरी पाण्याची आहे. मोजलं मी होतं, आणि मला हे नऊ वर्षांपासून माहीत आहे. या मुलीनं शोधून काढलं आणि आम्हाला दाखवलं. तिच्याकडे गरमचा आलेखही आहे, सरळ रेषेचा, तो मागून घ्या. माझ्या पदवीचं काय करायचं ते तुम्ही लोकांनी ठरवा. हिची अडवू नका."

एवढं बोलून त्या दार ढकलून बाहेर गेल्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रेगे चष्मा काढून बसून राहिले. मी काठी टेबलावर टाकली, आणि सेमिनार अर्धा सोडून ताईंच्या मागे धावले.

ताई व्हरांड्यात कठड्याला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं रडत असतील. रडत नव्हत्या. तोंडावर पदर दाबून हसत होत्या, अंगभर हसत होत्या.

"ताई, अहो काय केलंत हे! मुलाखत आहे ना तुमची? माझ्यासाठी एवढं—"

"तुझ्यासाठी?" त्यांनी डोळे पुसले. "तुझ्यासाठी कुठलं गं वेडे! तू महिनाभर अडकलीस तर केवढी तडफडलीस. माझ्याकडे बघ जरा."

मी बघितलं. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि सर बाहेर आले. एकदम थकलेले दिसत होते. माझ्याशी बोलले नाहीत, ताईंसमोर जाऊन उभे राहिले.

"नलिनी, एकाच नळीत घालत जायला मी शिकवलं होतं तुला. तोंड उघडं ठेवायलाही मीच. तू सगळं स्वतःवर घेतलंस. हे का नाही सांगितलंस?"

ताईंचं हसू थांबलं. "ते मी कसं सांगू सर? ते तुम्ही सांगायचंय."

मला सरांचा फार राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती. वाटलं, आता जिन्यानं खाली जातील, घरी जातील, आणि हे कायमचं असंच राहील.

सरांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या, वळले, आणि हॉलचं दार ढकलून परत आत गेले. लोक उठायला लागले होते, खुर्च्या सरकत होत्या.

"बसा जरा," आतून सरांचा आवाज आला, वर्गातला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "बिडवे मॅडमनी अर्धंच सांगितलंय. बाकीचं मी सांगतो."